कपडे सुकतात, बाष्पीभवन पाण्याचे होते

म्हापशाच्या एका आईने विचारले आहे. मुलगी मराठी माध्यमातून चौथीत शिकते. पाण्याच्या रूपांवरच्या धड्यानंतर तिने वहीत लिहिले, ‘उन्हात कपड्यांचे बाष्पीभवन होते.’ वाक्याखाली लाल रेघ आली, कारण मात्र लिहिलेले नव्हते. आईलाही वाक्य खटकते, पण नेमके कुठे ते सांगता येत नाही. बाष्पीभवन, वाफ, उडणे, आटणे, सुकणे, वाळणे हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का, आणि कुठे कोणता वापरायचा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या मुलीला विज्ञान समजले आहे. चूक झाली ती वाक्यरचनेत, आणि तीही एकाच ठिकाणी. ‘बाष्पीभवन’ या शब्दाआधी षष्ठीत जे नाव येते, त्याचीच वाफ होत असते. पाण्याचे बाष्पीभवन, स्पिरिटचे बाष्पीभवन. कपड्यांचे बाष्पीभवन म्हटले की कपडेच हवेत गेले असा अर्थ होतो. वाफ झाली कपड्यांतल्या पाण्याची. कपडे जागच्या जागी दोरीवर आहेत, फक्त सुकले आहेत. रेघेखाली एवढे लिहिले असते तर मुलीला पुरले असते.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, आणि आता शेती, आरोग्य, पाणी या विषयांची भाषांतरित पत्रके आणि पुस्तिका तपासून देते. ही चूक मुलांपेक्षा मोठ्यांच्या लिखाणात मला जास्त दिसते. त्याचे कारण असे की शास्त्रात एकच असलेली क्रिया मराठी माणूस तीन-चार जागी उभा राहून बघतो, आणि प्रत्येक जागेसाठी त्याच्याकडे वेगळे क्रियापद आहे. निघून जाणाऱ्या पाण्याकडे बघितले तर ते ‘उडाले’. मागे राहिलेल्या द्रवाकडे बघितले तर तो ‘आटला’. ज्यातून पाणी गेले त्या वस्तूकडे बघितले तर ती ‘सुकली’ किंवा ‘वाळली’. ‘बाष्पीभवन’ हा शब्द यांतल्या कशाकडेच बघत नाही, तो फक्त क्रियेचे नाव सांगतो. म्हणून त्याला कर्ता नीट जोडून द्यावा लागतो. घरातली क्रियापदे आपला कर्ता आपणच ओळखतात.

आधी ‘वाफ’ आणि ‘बाष्प’. हे दोन्ही मुळात एकच शब्द. संस्कृत ‘बाष्प’ प्राकृतात ‘बप्फ’ झाला आणि तिथून मराठीत ‘वाफ’, हिंदीत ‘भाप’. एक शब्द स्वयंपाकघरातून आपल्यापर्यंत आला, दुसरा थेट ग्रंथांतून उचलला. संस्कृतात ‘बाष्प’चा अर्थ अश्रू असाही आहे, म्हणून ‘बाष्पगद्गद’ म्हणजे अश्रूंनी कंठ दाटलेला. तिथे वाफेचा काही संबंध नाही, हे मुलांना एकदा सांगून ठेवावे.

आज वापरात मात्र दोघांनी कामे वाटून घेतली आहेत. डोळ्यांना दिसते, हाताला लागते, झाकण उडवते ती वाफ. हवेत असते पण दिसत नाही ते बाष्प. हवामानाच्या बातमीत ‘अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे’ येतात, ‘वाफेचे वारे’ येत नाहीत. चहाच्या कपावर पांढरे दिसते त्याला आपण वाफ म्हणतो आणि म्हणत राहावे, पण शास्त्राच्या दृष्टीने ते पाण्याचे अगदी बारीक थेंब आहेत. खरे जलबाष्प रंगहीन आणि अदृश्य असते. किटलीच्या तोटीला अगदी लागून थोडी जागा मोकळी दिसते आणि त्यापुढे पांढरे सुरू होते. ती मोकळी जागा म्हणजे बाष्प, आणि पांढरे म्हणजे थंड हवेत त्याचे परत झालेले पाणी. मुलीला हे दुरून दाखवा, हात जवळ नेऊ देऊ नका; मोकळी दिसणारी जागाच जास्त भाजते. थोडे वर गेल्यावर ते पांढरेही नाहीसे होते, त्याला आपण ‘विरले’ म्हणतो. सकाळी मांडवीवरचे धुके विरते तेव्हा त्यातल्या थेंबांचे बाष्पीभवनच होत असते. ‘विरणे’ हा शब्द या यादीत सहसा कुणी घेत नाही. तो घेतला पाहिजे.

वाफेपासून झालेली क्रियापदे जपून वापरावीत. ‘वाफवणे’ म्हणजे एखाद्या पदार्थाची वाफ करणे नव्हे, तर तो वाफेवर शिजवणे. एका पुस्तिकेत ‘द्रावण वाफवून क्षार मिळवा’ असे छापायला निघाले होते. वाचणाऱ्याने द्रावण मोदकपात्रात ठेवले असते. ‘वाफाळता’ म्हणजे वाफा निघत असलेला, ‘वाफारा’ म्हणजे सर्दीत डोक्यावर टॉवेल घेऊन घेतो तो. पाककृतीत ‘झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आणावी’ असे लिहितात, तिथे वाफ हे वेळेचे आणि शिजण्याचे माप आहे. ‘तोंडची वाफ दवडणे’मध्ये वाफ म्हणजे श्वास. आपल्याजवळचा ऐवज फुकट जातो ही भावना त्या ‘दवडणे’मध्ये आहे.

जाता जाता एक निरीक्षण. पोर्तुगीजमध्ये वाफेला ‘वापोर’ म्हणतात आणि वाफेवर चालणाऱ्या जहाजालाही ‘वापोर’च. मराठीने त्याच यंत्रांना आगबोट आणि आगगाडी म्हटले. त्यांनी वाफेकडे बघून नाव दिले, आपण भट्टीतल्या आगीकडे बघून.

आता ‘बाष्पीभवन’. हा शब्द पाठ करून घेतात, उलगडून दाखवत नाहीत. ‘बाष्प’ला दीर्घ ‘ई’ लागून पुढे ‘भवन’ आले आहे. संस्कृतात ही ‘ई’ जे आधी नव्हते ते झाले असे सांगते. व्याकरणात तिला च्वि प्रत्ययाचे रूप म्हणतात. भस्मीभूत, एकीकरण, द्रवीभवन, नूतनीकरण, सगळीकडे तीच ‘ई’. एवढे कळले की मूल पुन्हा ‘बाष्पिभवन’ असे ऱ्हस्व लिहीत नाही. ‘भवन’ म्हणजे आपोआप होणे आणि ‘करण’ म्हणजे कुणीतरी करणे. म्हणून तळ्याच्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि कारखान्यात द्रावणाचे बाष्पीकरण करतात. ‘बाष्पीभवन करणे’ असेही सर्रास लिहिले जाते. मी ते चूक धरत नाही, पण ‘बाष्पीकरण’ हाताशी असताना तोच शब्द घ्यावा असे मला वाटते. ‘बाष्पन’ हा आटोपशीर शब्दही शास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि त्यावरून पेट्रोल, अत्तर, स्पिरिट यांच्यासाठी ‘बाष्पनशील’ हे विशेषण. बोलताना तेवढे कशाला, ‘पटकन उडणारे’ म्हटले की झाले.

बाष्पीभवन आणि उकळणे यांत गल्लत करू नये. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावर होते आणि कोणत्याही तापमानाला होते, पावसाळी सकाळीसुद्धा. उकळणे म्हणजे द्रवाच्या आतसुद्धा वाफेचे बुडबुडे होणे. ते ठरावीक तापमानाला होते, पाण्याचे नेहमीच्या हवेच्या दाबाखाली १०० अंश सेल्सिअसला. त्या तापमानाला उत्कलनबिंदू म्हणतात. ‘उकळणे’ आणि ‘उकडणे’ यांतला फरक गोव्यात तर लहान मुलालाही ठाऊक असतो, कारण रोजच्या जेवणात उकडा तांदूळ असतो. उकळतो तो द्रव. उकडतो तो पदार्थ, पाण्यात किंवा वाफेवर. हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडतात, उकळत नाहीत. आणि मे महिन्यात आपण स्वतःच ‘उकडतंय’ म्हणतो, तो शब्द शास्त्रालाही धरून आहे. हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम उडत नाही. अंगाच्या तापमानाच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला फक्त ७० कॅलरी पुरतात. घाम उडताना एवढी उष्णता अंगातून काढून नेतो, म्हणून गार वाटते. तो उडालाच नाही तर उष्णता आतच राहते आणि वाफेवर ठेवल्यासारखे होते. पाठ्यपुस्तकात या उष्णतेला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण ती थर्मामीटरवर दिसत नाही. डिचोलीच्या कुंभारांच्या मडक्यांत पाणी गार राहते ते याच हिशेबाने. भिंतीतून झिरपलेले पाणी बाहेरून उडते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात तेच मडके तेवढे गार करत नाही.

मडक्याच्या बाहेरची ओल आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवरचे थेंब यांत मुले हमखास फसतात. दोन्हींना आपण ‘घाम आला’ म्हणतो. मडक्याची ओल आतून झिरपलेली. बाटलीवरचे थेंब हवेतल्या बाष्पाचे परत पाणी झालेले. त्याला संघनन किंवा सांद्रीभवन म्हणतात. दोन्ही शब्द चालतात, एका लिखाणात एकच ठेवावा.

‘उडणे’ हा शब्द मला फार आवडतो. निघून जाणाऱ्याची बाजू फक्त तोच सांगतो. स्पिरिट उडाले, अत्तराचा वास उडाला, कापूर उडाला. शास्त्रात यातले शेवटचे बाष्पीभवन नव्हे. कापूर वितळून द्रव न होता थेट वायू होतो, त्याला संप्लवन म्हणतात. बोलीला तो फरक करायची गरज पडली नाही, कारण ती फक्त ‘गेले’ एवढेच बघते. पण या क्रियापदात एक अडचण आहे. त्याचे प्रयोजक रूप या अर्थाने चालत नाही. ‘पाणी उडाले’ म्हणजे वाफ झाली. ‘पाणी उडवले’ म्हणजे कुणाच्या तरी अंगावर शिंतोडे टाकले. म्हणून प्रयोग लिहिताना ‘बशीतले पाणी उडवा’ असे कधीही लिहू नये, ‘उडून जाऊ द्या’ असे लिहावे. मराठीने इथे करणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही. उडणे त्या पदार्थाच्या मर्जीने होते, आपण फक्त वाट बघायची.

‘आटणे’ची गोष्ट उलटी. आटते ते मागे उरलेले. दूध आटते, म्हणजे पाणी गेले आणि दूध कमी पण दाट होऊन राहिले. इथे ‘आटवणे’ अगदी सरळ चालते. बासुंदीसाठी दूध आटवायचे, पेरादसाठी पेरूचा गर साखरेबरोबर आटवायचा, माडाचे गूळ करताना सूर, म्हणजे माडाचा काढलेला रस, आटवायची. डब्यावर ‘बाष्पीभवन केलेले दूध’ असे छापलेले मी पाहिले आहे आणि वाईट वाटले. ‘आटीव दूध’ हा शब्द घराघरांत असताना ही मेहनत कशासाठी? शिवाय बाष्पीभवन दुधाचे केलेलेच नाही, दुधातल्या पाण्याचे केले आहे. म्हणजे ही तुमच्या मुलीचीच चूक, फक्त कारखान्याच्या छापखान्यातून आलेली.

‘आटणे’ आणि ‘आळणे’ हेही वेगळे ठेवावेत. आटणे म्हणजे कमी होणे, आळणे म्हणजे दाट होणे. पिठले आळते ते पिठाने पाणी शोषून घेतल्यामुळे; वाफ थोडीच गेलेली असते. दोदोल हा गोव्याचा गोड पदार्थ करताना दोन्ही गोष्टी एकाच कढईत घडतात. नारळाचा रस आणि गूळ आटत जातो आणि तांदळाचे पीठ त्याला आळून आणते. एका नातेवाईक बाईंजवळ मी संध्याकाळभर बसून हे बघितले. त्या पहिल्या तासात ‘अजून आटायला हवं’ म्हणत होत्या. मग गोळा कढईच्या कडा सोडू लागला, तूप-तेल सुटू लागले, तेव्हा त्यांच्या तोंडी आपोआप ‘आता आळलं’ आले. त्यांनी शब्द बदलला त्याच क्षणी कढईतले कामही बदलले होते. अशा ठिकाणी भाषा शिकावी.

विहीर आटते, ओढा आटतो, झरा आटतो. दूध देणारी गाय आटते. यांतल्या कशातही बाष्पीभवन हे मुख्य कारण नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे. विहिरीचे पाणी सावलीत, खोल आणि वाऱ्यापासून दूर असते. उन्हाळ्यात ती आटते ती मुख्यतः भूजलाची पातळी खाली गेल्यामुळे आणि उपसा वाढल्यामुळे. ‘साळावली धरणातले पाणी आटले’ या बातमीत तीन-चार गोष्टी मिसळलेल्या असतात: लोकांनी वापरलेले पाणी, पाझरलेले पाणी, सोडलेले पाणी, आणि खरोखर उडालेले पाणी. फक्त शेवटच्यासाठी ‘बाष्पीभवन’ म्हणायचे. ते मोजायला हवामान केंद्रात सुमारे चार फूट व्यासाचे, साधारण २५ सेंटीमीटर खोल पत्र्याचे पात्र ठेवलेले असते. रोज त्यातली पाण्याची पातळी किती उतरली ते बघतात आणि पाऊस पडला असेल तर तो हिशेबात धरतात. गोव्याच्या बोलीत ‘विहीर सुकली’ असेही म्हणतात, कोकणीच्या सहवासाने. मुलीने तसे लिहिले तर खोडू नये.

डबक्याचा प्रश्न परीक्षेत नेहमी येतो: डबक्यातले पाणी कुठे गेले? छापील उत्तर ‘बाष्पीभवन झाले’ असे असते. पण आपल्या जांभ्याच्या जमिनीत बरेच पाणी ‘जिरते’. जिरणे, मुरणे, पाझरणे, निथळणे या चारही क्रियांत पाणी द्रवरूपातच निघून जाते. वाफ कुठेही होत नाही. दोरीवर टाकलेल्या चादरीतून पाणी टपकते तोवर ती निथळते. टपकणे थांबले की पुढचे काम बाष्पीभवनाचे. डबक्याच्या उत्तरात ज्या मुलाने ‘काही जिरले, काही उडाले’ असे लिहिले, त्याला मी नेहमी पूर्ण गुण दिले. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द या दोन्ही क्रियांच्या मधोमध बसतो. पावसानंतर जादा पाणी जिरले, थोडे उडाले, मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही राहिले, म्हणजे वाफसा आला, पेरणी करा. एका शब्दात जमिनीची एवढी अवस्था सांगणारा शब्द दुसऱ्या भाषेत शोधून बघावा.

‘सुकणे’ आणि ‘वाळणे’ यांत अर्थाचा फरक थोडा आणि मुलखाचा जास्त. घाटावर कपडे वाळतात, गोव्यात आणि कोकणात सुकतात. ‘वाळवण’ हे नाम सगळीकडे चालते, पण आपल्याकडची मासळी ‘सुकी’च असते. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोले (आमसुले), आंब्याचे साठ हे सगळे उन्हावर आणि वाऱ्यावर तयार होते. सोले करताना भिंडाची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल वाळवायची, तिच्याच रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची. दरवेळी पाणी जाते आणि आंबटपणा व रंग सालीतच राहतो. थोडे बारकाईने बघितले तर जिवंतपणा गमावण्याकडे ‘सुकणे’चा ओढा दिसतो: फूल सुकते, चेहरा सुकतो, तापाने मूल सुकते. ‘वाळणे’ कोरडे आणि कडक होण्याकडे झुकते: पाला वाळला, लाकूड वाळले. मुद्दाम वाळवलेल्या वस्तूने पावसाळ्यात परत ओल घेतली की ती ‘सादळते’. पापड सादळला, बिस्किट सादळले. वाळण्याच्या नेमका उलट असलेला हा सुंदर शब्द पुस्तकात मला क्वचितच भेटतो. भाषांतरात त्याच्या जागी ‘आर्द्रता शोषून घेतली’ असे येते.

‘आर्द्रता’ हवेची असते आणि ती टक्क्यांत मोजतात. हवा ‘दमट’ असते, भिंतीला ‘ओल’ येते, मातीत ‘ओलावा’ असतो, टॉवेल ‘ओलसर’ राहतो. यांची अदलाबदल करू नये. ‘मातीची आर्द्रता’ शास्त्रीय अहवालात ठीक, पण शेतकऱ्याला द्यायच्या पत्रकात ‘ओलावा’ लिहावा. झाडांच्या पानांतून पाणी बाष्परूपाने बाहेर पडते त्याला बाष्पोच्छ्वास किंवा बाष्पोत्सर्जन म्हणतात. दोन्ही रूढ आहेत.

भट्टीचे, म्हणजे आपल्या दारू गाळायच्या ‘भाटी’चे, शब्द थोडे सावकाश घेते, कारण तिथे एक शास्त्रीय शब्दच तपासून बघण्यासारखा आहे. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, तापवतात, वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात नेतात, ते बाहेरून गार ठेवतात, आणि तिथे हुर्राक, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली सौम्य दारू, जमतो. हुर्राकात आंबवलेला रस घालून पुन्हा गाळले की फेणी. तिची तीव्रता भाटीवाले ‘ग्राव’मध्ये सांगतात. २००९ मध्ये गोव्याच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. एका अनुवादात ‘फेणी बाष्पीभवनाने बनवतात’ असे होते. ते अपुरे आहे. बाष्पीभवनाने फक्त वाफ मिळते. फेणी मिळायला ती वाफ धरून गार करून परत द्रव करावी लागते, आणि या जोडीला ऊर्ध्वपातन म्हणतात. मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळतो, म्हणून आधी निघणाऱ्या वाफेत तो जास्त असतो, पाणी कमी. आता ‘ऊर्ध्वपातन’ म्हणजे वरच्या दिशेने पाडणे. हा शब्द रसशास्त्रातून आला आहे. तिथे पाऱ्याच्या शुद्धीसाठी तीन पातने सांगितली आहेत: ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. ऊर्ध्वपातनात पारा खालच्या भांड्यातून उठून वरच्या भांड्याच्या तळाला चिकटतो. तिर्यक्पातनात वाफ तिरक्या नळीने बाजूच्या भांड्यात जाते. म्हणजे मूळ अर्थ धरला तर आपली भाटी तिर्यक्पातनाची. पाठ्यपुस्तकातला शब्द आता बदलणार नाही आणि बदलू नये, पण वर्गात नळीचे चित्र काढताना मी हे आवर्जून सांगत असे. मुलांना शब्द लक्षात राहतो तो अशाने.

आणि मिठागर. पेडण्यात शापोरा नदीच्या काठी आगरवाडा आहे. नावातच आगर आहे. मार्चमध्ये मी वर्ग तिथे नेत असे. भरतीचे खारे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घेतात, आधी मोठ्या खाचरांत आणि मग टप्प्याटप्प्याने लहान खाचरांत सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले सुमारे २७ ग्रॅम खायचे मीठ. पाणी उडत जाते तसा आधी चुन्याच्या जातीचा क्षार खाली बसतो, मग जिप्सम, आणि पाणी जेमतेम दहाव्या हिश्शावर आले की मीठ पडू लागते. शेवटी उरलेले पाणी चवीला कडू असते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. ते काढून टाकावे लागते. जसजसे पाणी खारट होत जाते तसतसे ते हळू उडते, म्हणून शेवटच्या खाचराला वारा आणि ऊन दोन्ही भरपूर लागतात. एका मुलाने तिथल्या म्हाताऱ्या मिठागऱ्याला विचारले, “काका, बाष्पीभवनाला किती दिवस लागतात?” त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी वाकून खाचराच्या कडेची पांढरी साय बोटाने फोडली, ते बोट मुलाच्या जिभेला लावले आणि म्हणाले, “उदक सुकता, मीठ पिकता.” मीठ पिकते, भातासारखे. त्यांच्या भाषेत पाणी जाणे ही मुख्य घटना नव्हतीच. मागे जे आले ते पीक होते. त्या मुलाने नंतर वहीत लिहिले, ‘पाण्याचे बाष्पीभवन होते तेव्हा मीठ पिकते.’ मी काही बदलले नाही.

लाक्षणिक वापराबद्दल थोडे. ‘रक्त आटवणे’, ‘डोळ्यांतले पाणी आटणे’, ‘गंगाजळी आटणे’ हे सगळे मुरलेले प्रयोग आहेत, बिनधास्त वापरा. वर्तमानपत्रांत हल्ली ‘मतांचे बाष्पीभवन’, ‘ठेवींचे बाष्पीभवन’ दिसते. माझे मत स्पष्ट आहे: आश्वासने हवेत विरतात, पैसा आटतो किंवा उडतो, तेवढे पुरे आहे. पारिभाषिक शब्द त्याच्या कामासाठी स्वच्छ राहू द्यावा.

तर ताई, मुलीच्या वाक्याचे काय करायचे? दोन बशा घ्या. एकीत चमचाभर नळाचे पाणी, दुसरीत चमचाभर समुद्राचे पाणी. खिडकीत ऊन येते तिथे ठेवा आणि रोज शाळेतून आल्यावर तिला बघू द्या. काही दिवसांनी दुसऱ्या बशीत पांढरे कण दिसतील. मग तिला तीनदा एकच गोष्ट लिहायला सांगा, दरवेळी कर्ता बदलून: एकदा पाण्याबद्दल, एकदा बशीबद्दल, एकदा मिठाबद्दल. पाणी उडाले. बशी सुकली. मीठ उरले. आणि चौथे वाक्य ‘बाष्पीभवन’ वापरून तिचे तिला लिहू द्या. या वेळी ती ‘बशीचे’ लिहिणार नाही.